मुंबईच्या हवेत रिकर्व्हची स्ट्रिंग जपताना

टोकं पुढे वळलेल्या रिकर्व्ह धनुष्याची स्ट्रिंग, म्हणजे दोरी, एकाएकी तुटण्याचे प्रसंग कमीच. तिचं बिघडणं हळूहळू होतं. गेल्या रविवारी ब्रेस हाइट, म्हणजे ग्रिप आणि चढवलेली स्ट्रिंग यांमधलं अंतर, पावणेनऊ इंच होती, या रविवारी साडेआठ भरते. बाणांचा गट जागेवरून सरकतो, बाण सुटतानाचा धनुष्याचा आवाज बदलतो, आणि तिरंदाज साइट हलवत आणि प्लंजरचा (बाणाला बाजूने आधार देणाऱ्या स्प्रिंगच्या बटणाचा) स्क्रू फिरवत बसतो. मूळ दोष बहुतेक वेळा बॅगेत असतो. सराव संपल्यावर स्ट्रिंग घाईघाईत उतरवली, कशीतरी गुंडाळली आणि आर्मगार्डच्या खाली कोंबली, तिथेच तिचे चार-पाच पीळ सुटलेले असतात.

म्हणून स्ट्रिंग साठवण्याचा हेतू आधी पक्का करून घ्या. ती नुसती शाबूत राहून भागत नाही. उतरवताना जेवढी लांब होती, जेवढे पीळ होते आणि नॉकिंग पॉइंट (स्ट्रिंगवर बाण अडकवण्याची खूण) जिथे होता, तशीच ती पुन्हा चढली पाहिजे. मुंबईत हे जरा जास्त अवघड आहे, कारण खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस, ऑक्टोबरचा उकाडा आणि लोकलची गर्दी हे सगळं वर्षभरात त्याच एका दोऱ्याच्या वाट्याला येतं.

स्ट्रिंग कशाची आहे?

जपण्याची पद्धत धाग्यावर ठरते. नवशिक्यांच्या आणि क्लबच्या लाकडी धनुष्यांवर बहुधा डॅक्रॉन असतं, म्हणजे पॉलिएस्टर; बी-५० आणि बी-५५ ही त्यातली नेहमीची नावं. डॅक्रॉन ताणतं, बाण सुटताना बसणारा धक्का थोडा स्वतः घेतं, आणि म्हणूनच ज्या लिंबच्या (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यांच्या) टोकांना मजबुती दिलेली नसते त्यांच्यासाठी ते योग्य आहे. स्पर्धेच्या धनुष्यांवर फास्ट फ्लाइट, ८१२५ यांसारखे धागे असतात. हे डायनीमा किंवा स्पेक्ट्रा जातीचे, म्हणजे अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिलीनचे. ४५२एक्स किंवा बीसीवाय-एक्समध्ये डायनीमासोबत व्हेक्ट्रानही मिसळलेलं असतं.

डायनीमा पाणी शोषत नाही, उलट पाण्यावर तरंगतो. पावसाला तो डरत नाही, डरतो तो उष्णतेला. तो साधारण १५० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, पण ताणाखाली असताना त्याच्या कितीतरी आधीच कायमचा लांबायला लागतो. सत्तर-ऐंशी अंश ही त्याच्यासाठी धोक्याची पातळी समजा. व्हेक्ट्रान असं लांबत नाही, मात्र त्याला ऊन सोसत नाही. नायलॉनचं उलट आहे. तो दमट हवेत पाणी धरतो आणि सैलावतो. मुख्य धागा नायलॉनचा नसला तरी स्वस्त स्ट्रिंगवरची सर्व्हिंग (मध्यभागी आणि टोकांना वरून गुंडाळलेला संरक्षक दोरा) बऱ्याचदा नायलॉनची असते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये मधली सर्व्हिंग नॉकखाली (बाणाच्या मागच्या खाचेखाली) सरकू लागण्याचं ते एक मोठं कारण आहे. नवी स्ट्रिंग करून घेताना सर्व्हिंगसाठी डायनीमा मिसळलेला गुंफलेला धागा मागा. मुंबईत तेवढा जास्तीचा खर्च करावाच.

क्लबमध्ये एकाच खोलीत दोन्ही जातींच्या स्ट्रिंग असतील तर त्यांच्या टोकाच्या सर्व्हिंगचा रंग वेगळा ठेवा. डॅक्रॉनला पांढरा, बाकीच्यांना काळा, असं काहीही चालेल. कमी ताणणारी स्ट्रिंग चुकून लाकडी धनुष्यावर चढली तर लिंबच्या टोकाला तडा जातो. असा अपघात टाळायला पाच रुपयांचा रंगीत दोरा पुरतो.

उतरवण्याआधी मोजा

सराव संपला की बॅगेतून स्ट्रिंगर (स्ट्रिंग चढवण्या-उतरवण्याचा पट्टा) काढण्याआधी बो-स्क्वेअर (काटकोनी मोजपट्टी) काढा. ब्रेस हाइट मोजा आणि लिहून ठेवा. काही जण ती ग्रिपच्या सर्वांत खोल भागापासून मोजतात, काही जण प्लंजरच्या छिद्रापासून. दोन्ही बरोबर, फक्त जागा कायम एकच ठेवा. ६८ इंची धनुष्याची ब्रेस हाइट ग्रिपपासून साधारण साडेआठ ते सव्वानऊ इंचांच्या दरम्यान असते. तुमचा आकडा त्यातला नेमका कोणता, हे वहीत हवं. त्याच वेळी नॉकिंग पॉइंट काटकोनाच्या रेषेपासून किती मिलिमीटर वर आहे तेही टिपा.

हा आकडा सरावाच्या शेवटी घेण्याचं कारण आहे. दोनेक तासांच्या नेमबाजीनंतर स्ट्रिंग पूर्ण बसलेली असते. सकाळी चढवल्या चढवल्या घेतलेला आकडा एखाद-दोन मिलिमीटर जास्त येतो, आणि दोन वेगळ्या वेळांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले तर नसलेला दोष दिसू लागतो.

पुसणं आणि तपासणं

धनुष्य चढवलेलं असतानाच जुन्या बनियनचा धुतलेला, कोरडा, मऊ तुकडा घेऊन स्ट्रिंग वरपासून खालपर्यंत पुसा. मधल्या सर्व्हिंगवर बोटांचा घाम, टॅबच्या (बोटांवरच्या संरक्षक पट्टीच्या) चामड्याची भुकटी, कुणी लावत असेल तर सनस्क्रीनचं तेल, असं सगळं साचतं. पेट्रोल, थिनर, स्पिरिट यांना हात लावू नका. त्यांनी मळ जातो, पण पदरांमधलं वॅक्सही जातं, आणि कोरडे पदर एकमेकांवर घासून झिजतात.

किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी किंवा तिथे सराव करणाऱ्यांनी मिठाचा विचार स्वतंत्रपणे करायला हवा. माहीम, वरळी, वर्सोवा, वसई अशा भागांत वाऱ्यावरचे खारे तुषार स्ट्रिंगवर बसतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता बहुतेक वेळ त्याहून वरच असते, त्यामुळे खारवलेली स्ट्रिंग घरातसुद्धा चिकट-ओलसर राहते. डिसेंबरात हवा कोरडी झाली की तेच मीठ पदरांच्या आत बारीक खडे होऊन बसतं आणि आतून घासतं. यावर उपाय म्हणजे गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं फडकं एकदा फिरवायचं, लगेच कोरड्याने टिपायचं, स्ट्रिंग पूर्ण वाळू द्यायची आणि मगच वॅक्स लावायचं. मैदानावरची लाल माती किंवा वाळू लागली असेल तरी हीच पद्धत. मातीचे कण आत असताना वॅक्स चोळणं म्हणजे ते कण आतच कोंडून ठेवणं.

पुसताना तपासणीही होऊन जाते. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत स्ट्रिंग धरून सावकाश सरकवा. कापलेला पदर डोळ्यांना दिसायच्या आधी बोटाला लागतो. चार जागा विशेष पाहा. पहिली, मधल्या सर्व्हिंगवर नॉक बसतो ती. तिथे सर्व्हिंगचे वेढे विलग होऊन आतला रंग दिसत असेल तर सर्व्हिंग नव्याने गुंडाळायला हवी. दुसरी, दोन्ही लूप (टोकांचे फासे) जिथे लिंबच्या खोबणीत बसतात ती. तिसरी, टोकाची सर्व्हिंग जिथे संपते ती. रिकर्व्ह लिंबच्या वळणावर तिथेच ठोका बसतो. चौथी, आर्मगार्डच्या उंचीची. तिथे पदर केसाळ झालेले दिसले तर स्ट्रिंग दर बाणाला हाताला लागते आहे असं समजा.

लूपची सर्व्हिंग वारंवार एकाच जागी झिजत असेल तर स्ट्रिंग बदलण्याआधी लिंब पाहा. कापसाचा बोळा खोबणीतून सावकाश फिरवा. कापसाचे तंतू जिथे अडकतात तिथे धारदार कड आहे. ६०० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर छोट्या काडीला गुंडाळून ती कड हलक्या हाताने गोल करा आणि पुन्हा कापूस फिरवून पाहा. लॅमिनेशन उघडं पडेल इतकं घासायचं नाही.

वॅक्स

वॅक्सचं काम दुहेरी आहे. ते पदरांना एकत्र धरून त्यांचं आपसातलं घर्षण कमी करतं, आणि पदरांमधल्या फटीत पाणी साचू देत नाही. डायनीमा पाणी शोषत नसला तरी पदरांच्या मधली जागा पाणी धरते. ओली स्ट्रिंग जड होते, बाण मंदावतो, आणि ७० मीटरवर तो खाली लागतो.

लावण्याची रीत अशी. आधी जुनं वॅक्स काढा. दातांसाठीच्या फ्लॉसचा किंवा सर्व्हिंगच्या धाग्याचा हातभर तुकडा घ्या, स्ट्रिंगभोवती एक वेढा द्या, दोन्ही टोकं धरून टोकाच्या सर्व्हिंगपासून मधल्या सर्व्हिंगपर्यंत ओढत न्या. काळपट चिकट थर धाग्यापुढे गोळा होतो, तो पुसून टाका. हाच प्रकार खालच्या भागात. मग वॅक्सची कांडी उघड्या पदरांवर वर-खाली फिरवा; एका भागाला चार-पाच हात पुरतात. त्यानंतर चामड्याच्या तुकड्यात स्ट्रिंग धरून झपाझप चोळा. बोटांना चांगलं गरम लागलं की वॅक्स आत उतरतं. शेवटी पुन्हा फ्लॉसचा वेढा देऊन वरचं जास्तीचं काढा. स्ट्रिंग हाताला किंचित चिकट लागावी, तुळतुळीत किंवा गुळगुळीत थर दिसू नये. जास्तीच्या वॅक्सचं वजन बाणाचा वेग खातं, आणि धूळ तर चुंबकासारखी ओढतं.

सर्व्हिंगवर वॅक्स लावू नका. तिला ते लागत नाही, आणि नॉक चिकट होतो. लायटर किंवा हेअर ड्रायरने वॅक्स वितळवणारे लोक मैदानावर दिसतात. तो प्रकार स्ट्रिंग संपवण्याचा सर्वांत जलद मार्ग आहे. ज्योतीचं तापमान धाग्याच्या वितळबिंदूच्या कितीतरी पट असतं, आणि जळलेला एखादा पदर वॅक्सच्या चकाकीत दिसतही नाही.

किती वेळा लावायचं, याचं उत्तर दिवसांत देण्यापेक्षा हाताने द्यावं. पदर कोरडे आणि फिसकटलेले वाटले की लावा. रोज सराव असेल तर कोरड्या दिवसांत दोन-तीन आठवड्यांनी, पावसाळ्यात दर आठवड्याला तपासा, आणि भिजलेल्या प्रत्येक सत्रानंतर वाळल्यावर लावाच.

उतरवणं आणि गुंडाळणं

खरा घोळ होतो तो इथे, म्हणून हे सावकाश करा.

स्ट्रिंगर वापराच. पायात अडकवून धनुष्य वाकवण्याची सवय लिंबला पीळ देते. स्ट्रिंगरचा मोठा कप खालच्या लिंबच्या टोकावर, रबरी पट्टी वरच्या लिंबवर बसवा, पट्ट्यावर पाय देऊन ग्रिप सरळ वर उचला. स्ट्रिंग सैल झाली की वरचा लूप खोबणीतून काढून लिंबवर खाली सरकवा. वरचा लूप मोठा केलेला असतो तो याचसाठी. चेहरा लिंबच्या रेषेत आणू नका.

आता धनुष्य खाली ठेवा, पण वरचा लूप चिमटीतून सोडू नका. मोकळा सोडलेला लूप स्वतःभोवती गरगर फिरतो, आणि त्या प्रत्येक फेरीबरोबर एक पीळ जातो. तो लूप एका हातात धरूनच दुसऱ्या हाताने खालचा लूप लिंबवरून काढा. दोन्ही लूप न फिरवता एकमेकांशेजारी आणा. त्या दोघांतून एक जाड सुती दोरा ओवा आणि सुरगाठ मारा. टोकं अशी बांधली गेली की पीळ कुठे जाऊ शकत नाहीत. मग स्ट्रिंग कशीही वळली तरी सोडवल्यावर एकूण पीळ तेवढेच निघतात. एवढी एक सवय लागली तर ब्रेस हाइटच्या अर्ध्याअधिक तक्रारी थांबतात.

दोऱ्याऐवजी सेफ्टीपिन नको. मुंबईच्या हवेत ती महिन्याभरात गंजते आणि गंजलेली कड लूपच्या सर्व्हिंगवर घासते. व्हेल्क्रोची पट्टी चालेल, पण तिची खरखरीत बाजू आतून येता कामा नये. तिचे आकडे पदरांतले तंतू ओढून काढतात. रबरबँड काही आठवड्यांत चिकट होऊन स्ट्रिंगला लागतो.

६८ इंची धनुष्याची स्ट्रिंग साधारण १६५ सेंटिमीटर असते. टोकं बांधून तिचे चार सारखे फेरे केले की सुमारे १३ सेंटिमीटर व्यासाचं वेटोळं होतं. याहून लहान करू नका. मधली सर्व्हिंग वेटोळ्याच्या बाहेरच्या बाजूने गोल वळावी, तिला घडी पडू नये. घडी पडलेल्या सर्व्हिंगवर नंतर नॉक एकसारखा बसत नाही, आणि बांधलेला नॉकिंग पॉइंट दाबाखाली असेल तर तो थोडा सरकतोही. स्ट्रिंग रायझरभोवती (धनुष्याच्या मधल्या कडक भागाभोवती) आवळून गुंडाळण्याची पद्धतही याच कारणाने टाळावी. रायझरच्या कडा आणि क्लिकर (बाण पुरता ओढला की टिक वाजणारी पट्टी) दोन्ही तिला लागतात.

पीळ मोजलेले नसतील तर एकदाच मोजून घ्या. खालचा लूप काढून, दोन पदरगट पूर्ण समांतर दिसेपर्यंत पीळ उलगडत मोजा, आकडा लिहा, तेवढेच परत द्या. दोन रंगांची स्ट्रिंग असेल तर मोजणं फार सोपं जातं. पीळ देताना दिशा चुकवू नका. मधली सर्व्हिंग ज्या दिशेने गुंडाळली आहे ती आवळत जाईल अशा बाजूनेच पीळ द्यायचा. उलट दिलात तर सर्व्हिंग सैल होते आणि नॉकखाली सरकते. ६८ इंची स्ट्रिंगला वीस ते चाळीस पीळ सर्वसाधारण समजतात. एक प्रयोगही करून ठेवा. पाच पीळ वाढवा आणि ब्रेस हाइट किती मिलिमीटर वाढली ते लिहा. हा आकडा प्रत्येक स्ट्रिंगचा वेगळा असतो, आणि स्पर्धेच्या मैदानावर घाईत सर्वांत उपयोगी तोच पडतो.

भिजलेली स्ट्रिंग

तिरंदाजीची स्पर्धा नुसत्या पावसाने थांबत नाही, वीज कडाडू लागली तरच थांबवतात. त्यामुळे भिजणं धरून चाला. भिजलेल्या स्ट्रिंगवर फ्लॉसचा वेढा ओढला की पदरांतलं पाणी थेंबाथेंबाने पुढे निथळतं. हे धनुष्य चढवलेलं असतानाच, मैदानावर करा. नंतर कोरड्या फडक्याने टिपा.

घरी आल्यावर टोकं बांधलेलं वेटोळं सैल करून पंख्याखाली, सावलीत, एखाद्या लाकडी हँगरवर टाका. एका रात्रीत वाळतं. फ्रीजमागे, गॅसजवळ, इस्त्रीने, ड्रायरने वाळवू नका. वाळण्याआधी हवाबंद डब्यात तर अजिबात ठेवू नका. आतलं पाणी कुठे जात नाही, ओलावा शोषायला ठेवलेलं सिलिका जेल एका रात्रीत भरून जातं, आणि दोन दिवसांनी डब्याला कुबट वास येतो. बुरशीला डायनीमा खाता येत नाही, पण त्यावरचा घाम, धूळ, मधमाश्यांचं मेण असलेलं वॅक्स आणि कापडी पिशवी हे तिचं खाद्य आहे. चामड्याचा टॅब तर सर्वांत आधी बुरसतो, म्हणून ओला टॅब आणि स्ट्रिंग एका कप्प्यात कधीच नको.

पितळी नॉकिंग पॉइंट असेल तर त्याच्या कडेला हिरवट थर येतो का ते पाहा. किनाऱ्याजवळ तो हमखास येतो. आमचा स्पष्ट सल्ला आहे की मुंबईत नॉकिंग पॉइंट दोऱ्यानेच बांधावा. सर्व्हिंगच्या धाग्याने स्ट्रिंगभोवती एकदा पुढून, एकदा मागून, अशा एकाआड एक अर्ध्या गाठी घट्ट मारत साधारण चार-पाच मिलिमीटर उंचीची गुंडी करा. शेवटच्या गाठीवर सुपरग्लूचा एक बारीक थेंब, तोही सुईच्या टोकाने. ग्लू सर्व्हिंगमध्ये झिरपला तर ती जागा कडक होऊन तडकते.

डबा आणि जागा

वेटोळं आधी पारदर्शक झिप पिशवीत, आणि पिशवीत एक चिठ्ठी. चिठ्ठीवर परमनंट मार्करने इतकं असावं: धनुष्याची लांबी, धागा, पदर, पीळ, ब्रेस हाइट, नॉकिंग पॉइंटची उंची, पहिल्यांदा चढवल्याची तारीख. उदाहरणार्थ, "६८ इंच, ८१२५, १८ पदर, ३२ पीळ, २२.४ सेंमी, ८ मिमी वर." वरच्या लूपच्या सर्व्हिंगवर मार्करने एक ठिपका ठेवा, म्हणजे वर-खालचा घोटाळा होत नाही.

या पिशव्या स्वयंपाकघरातल्या रबरी कड असलेल्या हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. चार-पाच लिटरच्या डब्याला ५० ग्रॅम सिलिका जेल पुरतं, बारीक छिद्रांच्या कापडी पुरचुंडीत. नारिंगी दाण्यांचं घ्या. ते हिरवट झाले की भरले असं समजा आणि छोट्या ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दीड-दोन तास सुकवा. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते रांधण्याच्या भांड्यात किंवा अन्नाच्या ओव्हनमध्ये तापवू नये. डबा दर उघडझापीला दमट हवा आत घेतो, म्हणून रोजची स्ट्रिंग वेगळ्या छोट्या डब्यात आणि राखीव मोठ्या डब्यात, अशी विभागणी सोयीची पडते.

डबा ठेवायची जागा घरातल्या आतल्या भिंतीला हवी. बाहेरच्या भिंतीला जुलैत ओल येते आणि तिला लागून असलेलं लाकडी कपाट आतून दमटच राहतं. माळाही नको. वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली किंवा गच्चीच्या स्लॅबखाली तो मे महिन्यात भट्टी होतो. पलंगाखालचा कोरडा कप्पा चांगला, पण तिथे उंदीर फिरत असतील तर डबा कडक प्लास्टिकचा किंवा पत्र्याचाच घ्या. डांबर गोळ्या टाकू नका. त्यांची वाफ काही प्लास्टिकना मऊ करते, आणि त्याच डब्यात नॉक, प्लंजरचे भाग असतात.

क्लबला डब्यांपेक्षा भिंतीवरच्या गोल खुंट्या सोयीच्या. खिळे नकोत, ते गंजतात आणि त्यांची कड धारदार असते. दोन-अडीच इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे फळीवर बसवले की झालं. ६२, ६४, ६६, ६८, ७० अशी लांबीवार खुंटी, वर मोठ्या अक्षरात आकडा, आणि प्रत्येक स्ट्रिंगची टोकं बांधलेली. न बांधता टांगलेल्या स्ट्रिंग लहान मुलं हाताळतात, आणि आठवड्याभरात कुणाचेच पीळ जागेवर राहत नाहीत.

लोकल आणि गाडी

बॅगेत स्ट्रिंगचा डबा वेगळ्या, आतल्या कप्प्यात हवा. अॅलन की, बाणांची टोकं, क्लिकर यांच्याशी तिचा संबंध येऊ देऊ नका. गर्दीत बॅग दाबली जाते तेव्हा अॅलन कीचं टोक पिशवीतून आरपार जातं. वॅक्सची कांडीही वेगळी; उकाड्यात ती पाझरते. राखीव स्ट्रिंग पाठीवरच्या छोट्या सॅकमध्ये ठेवा, धनुष्याच्या बॅगेत नको. रॅकवरची मोठी बॅग हरवली किंवा भिजली तरी एक स्ट्रिंग अंगावर राहते.

एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या, काचा बंद असलेल्या मोटारीच्या डॅशबोर्डवर ६० ते ७० अंशांपर्यंत तापमान सहज जातं. तिथे चढवलेलं धनुष्य ठेवलं तर स्ट्रिंग कायमची लांबते आणि लिंबचे थर सुटण्याचा धोका असतो. उतरवलेली स्ट्रिंग त्या मानाने सोसते, तरी ती डिकीत किंवा उन्हाच्या बाजूच्या सीटवर नको. सलग दोन-तीन दिवसांच्या स्पर्धेत धनुष्य रात्रभर चढवलेलं ठेवणं आधुनिक लिंबला चालतं, पण खोली थंड असेल तरच.

राखीव स्ट्रिंग

पाकीटबंद नवी स्ट्रिंग ही राखीव स्ट्रिंग नव्हे. ऑलिंपिक पद्धतीच्या वैयक्तिक सामन्यात तिरंदाज आळीपाळीने मारतात, एका बाणाला २० सेकंद, आणि सामान बिघडलं म्हणून घड्याळ थांबत नाही. तिथे नवी स्ट्रिंग चढवून तिचे पीळ, नॉकिंग पॉइंट आणि सर्व्हिंग जुळवायला वेळ नसतो.

म्हणून राखीव स्ट्रिंग मुख्य स्ट्रिंगसोबतच करून घ्या, त्याच धाग्याची, तेवढ्याच पदरांची, त्याच सर्व्हिंगची. धनुष्यावर चढवा, एक रात्र तशीच ठेवा, मग निदान शंभर बाण मारा. या काळात ती लांबते, ब्रेस हाइट उतरते. पीळ देऊन ती मुख्य स्ट्रिंगच्या आकड्यावर आणा. स्थिर झाली की मगच नॉकिंग पॉइंट बांधा. बाण नॉकने लटकवून पाहा. तो स्ट्रिंगवर धरून राहावा आणि स्ट्रिंगला बोटाने टिचकी मारली की सुटावा. दोन्ही स्ट्रिंगवर हे सारखं असलं पाहिजे. मधल्या सर्व्हिंगचं वरचं टोक पूर्ण ओढलेल्या स्थितीत डोळ्यासमोर येणार नाही, हे नियमाचं बंधनही याच वेळी तपासून घ्या. एवढं झालं की चिठ्ठीसकट डब्यात. महिन्यातून एकदा अर्धा तास तिनेच सराव करा, म्हणजे आकडे खरे राहतात.

पुन्हा चढवताना

सुरगाठ सोडण्याआधी दोन्ही लूप दोन हातांत पकडा. ठिपक्याचा लूप आधी वरच्या लिंबवर सरकवा, मग खालचा खोबणीत बसवा, आणि शेवटी स्ट्रिंगर लावून वरचा लूप जागेवर आणा. स्ट्रिंगर काढण्याआधी दोन्ही लूप खोबणीत पूर्ण बसले आहेत का ते बोटाने चाचपा. पहिली ओढ अर्धीच घ्या आणि तशीच सावकाश परत आणा. बाणाशिवाय स्ट्रिंग कधीही सोडायची नाही. दहा-बारा बाण झाल्यावर ब्रेस हाइट मोजा. चिठ्ठीवरच्या आकड्यापेक्षा दोन मिलिमीटरपर्यंतचा फरक स्ट्रिंग बसण्याचा असतो, त्याला हात लावू नका. तीन-चार मिलिमीटर असेल तर आधी पीळ मोजा, कारण बहुधा उत्तर तिथेच सापडतं. पीळ बरोबर असूनही ब्रेस हाइट उतरली असेल तर स्ट्रिंग लांबली आहे, किंवा कुठेतरी पदर तुटला आहे.

कधी काढून टाकावी

एक पदर कापला गेला की स्ट्रिंग गेली. अठरापैकी सतरा उरलेत हा हिशेब करू नका. तो पदर आत जिथे तुटला तिथे ताण विषम होतो, आणि स्ट्रिंग तुटली तर बाणाशिवाय सोडल्यासारखा सगळा धक्का लिंबवर येतो. लूपच्या सर्व्हिंगखालचे पदर केसाळ दिसू लागले, किंवा पीळ देऊनही आठवड्याभरात ब्रेस हाइट पुन्हा उतरत राहिली, तरीही तोच निर्णय. मधली सर्व्हिंग झिजली असेल आणि खालचे पदर निर्मळ असतील, तर मात्र सर्व्हिंग नव्याने गुंडाळून तीच स्ट्रिंग वापरता येते.

बाद स्ट्रिंग कात्रीने मधोमध कापूनच टाका. न कापलेली जुनी स्ट्रिंग कधीतरी बॅगेतून निघते आणि घाईत कुणाच्या तरी धनुष्यावर चढते. तिची चिठ्ठी तेवढी वहीत चिकटवा, पुढची स्ट्रिंग करून घेताना तेच आकडे लागतात.